ब्रेकची किरकिर

सकाळी घंटेपूर्वी पाच मिनिटे शाळेच्या फाटकापाशी उभे राहिले असता दोन आवाज हटकून कानी पडतात: एक मुलांचा किलबिलाट व दुसरा थांबणाऱ्या मोटारींची कर्कश किंकाळी. पहिल्याविषयी आमची तक्रार नाही. दुसऱ्याविषयी मात्र पालकमंडळींशी बोलणे अवश्य वाटते. कारण ती बंद करण्याचा एक उपाय ऐकून आमच्या छातीत धस्स झाले. मुलांस आणणाऱ्या एका व्हॅनच्या चालकाने, चाकात थोडे तेल सोडले म्हणजे आवाज जातो, असे आम्हांस मोठ्या अभिमानाने सांगितले. आवाज जातो खरा; पण त्याबरोबर ब्रेकही जातो!

ब्रेक हा घर्षणावरच जगतो. पायाने दाब देताच दोन पॅड फिरत्या डिस्कला दोहों बाजूंनी आवळतात आणि गाडीच्या गतीची उष्णता होते. तेथे तेल घालणे म्हणजे दाराच्या बिजागरीचे औषध भलत्याच रोग्यास देणे होय. मग ही किरकिर येते कोठून? विद्यार्थ्यांस हे फळ्यापाशीच कळेल. खडू उभा धरून ओढला तर तो क्षणभर चिकटतो, क्षणभर सुटतो, व या थरथरीने अंगावर काटा आणणारा आवाज निघतो. पॅड आणि डिस्क यांचेही तसेच. फक्त ती थरथर सेकंदास हजारो वेळा होते.

रात्री पाऊस पडून डिस्कवर पातळ गंज चढला, तर सकाळी गाडी करकरते व दोनचार वेळा ब्रेक लावताच गप्प होते. त्याची चिंता नको. पण पुष्कळ गाड्यांच्या पॅडला पोलादाची एक लहानशी पट्टी मुद्दाम बसविलेली असते. पॅड झिजून दोनतीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला घासून ओरडू लागते. ज्याने ती बसविली त्याने मालकास निरोपच पाठविला आहे. आणि आपण काय करतो, तर काच वर करून गाणी लावतो! हा निरोप न ऐकल्यास पुढे खरखर सुरू होते. मग लोखंडावर लोखंड घासते आणि पॅडबरोबर डिस्कचाही खर्च येतो.

नाशिककरांनी तर कान विशेष उघडे ठेवावेत. जुन्या महामार्गाने मुंबईस जाताना कसारा घाट उतरावा लागतो. १८६५ साली तेथून रेल्वे नेली, तेव्हा ३७ फुटांस एक फूट असा चढ पत्करावा लागला. आणि ब्रेक न लागलेली गाडी चढावर वळवून थांबवावी, यासाठी निराळा फाटाही ठेवावा लागला. मोटारीस असा फाटा कोठला? खालच्या गिअरात न उतरता सारा वेळ ब्रेकच दाबून धरला तर पॅड तापून गुळगुळीत होतात, ब्रेकचे जुने, ओलावा शोषलेले तेल उकळते, आणि पाय नुसता खाली जातो.

हे सारे आम्ही त्या चालकास सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, नवे पॅड घालायचे तर गाडी दिवसभर गॅरेजात राहणार. एक दिवस मुले आली नाहीत तर पालक पैसे कापतात." आम्ही निरुत्तर झालो. दोष एकट्या त्याचा नव्हता. मग चार पालकांस भेटून त्या दिवसाचे पैसे न कापण्याचे ठरविले, व मुले त्यांनीच पाळीने आणली. व्हॅन तिसऱ्या दिवशी आली, ती फाटकाशी थांबल्याचे आम्हांस कळलेदेखील नाही.