जंतू आळशी, भीती जहाल

मैत्रिणींनो, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांमध्ये कुष्ठरोग होता. नुसता कुष्ठरोग नव्हे, ‘जहाल आणि असाध्य’ कुष्ठरोग! हे कारण कायद्यातून निघायला २०१९ साल उजाडावे लागले. हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, सगळ्यांच्या मिळून पाच कायद्यांतून ते त्या वर्षी काढले गेले. कायद्याने शब्द पुसला, पण आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे घराघरातल्या कुजबुजीतून तो अजून गेलेला नाही. म्हणून हा जंतू खरेच किती जहाल आहे, ते एकदा नीट बघू या.

नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये तो शोधला. दीडशे वर्षे उलटली, तरी प्रयोगशाळेतल्या बशीत त्याला खाऊ घालून वाढवणे कुणालाच जमलेले नाही. कारण २००१ मध्ये कळले. त्याची सुमारे सोळाशे जनुके चालू आहेत आणि अकराशेहून जास्त मोडकी. म्हणजे चूल आहे, पण निम्मी भांडी फुटलेली. स्वतःचे अन्न स्वतः रांधता येत नाही, म्हणून तो आपल्या पेशींत शिरून आयत्या साखरेवर आणि चरबीवर जगतो. आतड्यातला साधा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. याला त्यासाठी बारा ते चौदा दिवस लागतात! शिवाय बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती त्याला दारातच अडवते. शंभरातल्या पंचाण्णव जणांना तो काही करू शकत नाही.

मग हातापायाची बोटे वाकडी होतात ती कशी? त्याचा घातकपणा त्याच्या या राहणीतच आहे. तो जोराचे विष सोडत नाही, तापाने फणफणवत नाही. त्याला थंडावा मानवतो, म्हणून तो कातडी, नाक, कानाच्या पाळ्या आणि कातडीजवळच्या नसा धरतो. नसांच्या आवरणातल्या पेशींत बिऱ्हाड थाटून तिथलेच खातो. त्याच्याशी आपल्या शरीराची झुंज होते, तिच्यातही नसच भरडते. नस मेली की दुखणे कळत नाही. चुलीवरचे गरम भांडे उचलले तरी हाताला चटका जाणवत नाही. रोवणीच्या चिखलात काटा रुतला तरी पायाला कळत नाही. जखम चिघळते, बोट जाते. बोट जंतू खात नाही, दुखणे न कळल्याने ते जाते.

आणि हे सगळे इतके सावकाश, की लागण आणि पहिला चट्टा यांच्यात सरासरी पाच वर्षे जातात. दुखत नाही, खाजत नाही, मग दवाखान्यात कोण जाणार? त्यातून बाई असली तर विचारूच नका. मांडीवरचा, पाठीवरचा चट्टा पदराखाली सहज झाकतो. लग्न व्हायचे असेल तर आईच म्हणते, “कुणाला सांगू नको बाई.” लग्न झाले असेल तर सासरची भीती. माझे स्पष्ट मत आहे की या आळशी जंतूला लागणारा वेळ आपणच लपवालपवी करून त्याला देतो.

औषध आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट आहे. सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते, कारण इतक्या संथ जंतूला संपवायलाही तितकाच धीर लागतो. चट्टा फिका पडला म्हणून मध्येच गोळ्या सोडू नयेत. औषध सुरू झाले की थोड्याच दिवसांत रोग्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही. वेगळे ताट, वेगळी खोली कशाला हवी? गरोदरपणात, अंगावर पाजतानाही हे उपचार चालतात. उलट बाळंतपणाच्या सुमारास नसांना सूज येण्याचा धोका वाढतो. अशा वेळी हातपाय दुखले, शक्ती कमी वाटली तर ‘बाळंतिणीचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नका.

एवढे तर आपण करू शकतो. अंघोळीच्या वेळी अंग बघा. फिकट किंवा लालसर चट्टा असेल तर त्यावर पिसाचे टोक फिरवा. कोडावर स्पर्श कळतो, इथे कळेनासा होतो. शंका आली तर आशाताईला दाखवा. तपासणीला घरी आल्या तर “आमच्याकडे तसलं काही नाही” म्हणून त्यांना दारातून परतवू नका. घरात रोगी सापडला तर बाकीच्यांनीही तपासून घ्यावे, त्यांच्यासाठी प्रतिबंधाची एक मात्रा मिळते.

आणि सासवांनो, जावांनो, वेळेत औषध घेतलेली सून पूर्ण बरी होते. कायद्याने तिला घराबाहेर काढण्याचे कारण पुसले आहे. आता आपणही ते मनातून पुसू या.