गावच्या नोंदवहीत गांधीलमाशीचं पान कोरं का?

मागच्या हंगामात एका ग्रामपंचायतीत कामानिमित्त बसलो होतो. कपाटावर गावची लोक जैवविविधता नोंदवही दिसली, म्हणून चाळायला घेतली. झाडांची पानं बऱ्यापैकी भरलेली होती. कडुनिंब, बाभूळ, पळस, मोह, सगळं आलेलं. जनावरांचं पानही ठीक. कीटकांच्या पानावर मात्र तीनच नावं: मधमाशी, फुलपाखरू, मुंगी. खाली सही आणि शिक्का. म्हणजे सरकारदरबारी त्या गावात तीनच किडे राहतात!

बाजूला बसलेल्या शेतकरी भावाला ते पान दाखवलं. म्हटलं, निदान गांधीलमाशी तरी लिहायची होती. तो हसला आणि म्हणाला, "माशा कायले मोजता साहेब? मोजाचंच असन त आमचं नुकसान मोजा."

त्याचं म्हणणं रोखठोक होतं. पण माझं म्हणणं असं की नुकसान कमी करायचं असेल, तर या माशा आधी मोजाव्या लागतील.

गांधीलमाशी म्हटलं की आपल्याला डंख आठवतो. धुऱ्यावरच्या झुडपात हात घातला आणि पोळ्याला धक्का लागला की मग पळता भुई थोडी. पण डंख मारणारी ही माशी त्या गोतातली अगदी थोडी. बाकीचं गोत फार मोठं आहे आणि ते आपल्या रोजच्या पाहण्यातलं आहे. मोटारीच्या पेटीत, दाराच्या चौकटीवर चिखलाचं घर बांधणारी कुंभारीण माशी याच गोतातली. तिची कुणी जात त्या घरात अळ्या भरून ठेवते, कुणी कोळी. उंबर फोडलं की आतून चिलटासारखे किडे उडतात, तेही याच गोतातले. ते नसतील तर उंबराचं बी धरायचं नाही.

आणि शेतीच्या कामाच्या आहेत त्या याहून बारीक. अळीच्या पाठीवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे चिकटलेले आपण पाहतो. पुष्कळ लोक त्यांना अळीची अंडी समजून घाबरतात आणि फवारा काढतात. ती अंडी नव्हेत, ते परोपजीवी माशीचे कोष असतात. माशीची पिल्लं अळीला आतून पोखरून बाहेर आलेली असतात, अळी मेल्यातच जमा असते. हरभऱ्यावरही घाटेअळीच्या वाळक्या कातड्याजवळ लहानसा राखाडी-पांढरा कोष सापडतो. ती कॅम्पोलेटिस नावाच्या माशीची करामत. आपण फवारतो तेव्हा अळीबरोबर हा फुकटचा गडीही मारतो.

देशात या माशांची मोजदाद नवी नाही. १८९७ मध्ये सी. टी. बिंगहॅम या अधिकाऱ्याने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या गांधीलमाश्या आणि मधमाश्यांची पहिली मोठी सूची छापली. १९१६ मध्ये कोलकात्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभाग सुरू झाला. त्याचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. ३० जून २०२४ रोजी या विभागाने देशातल्या एक लाख चार हजारांहून अधिक प्राणिजातींची सूची सर्वांसाठी खुली केली. काम मोठं झालं, यात शंका नाही. पण सूचीत नाव असणं वेगळं, आणि ती माशी आपल्या तालुक्यात, आपल्या पऱ्हाटीवर, कोणत्या महिन्यात असते हे ठाऊक असणं वेगळं. ही दुसरी नोंद कोलकात्याचा किंवा पुण्याचा माणूस एकटा करू शकत नाही. ती गावातूनच झाली पाहिजे.

नुसत्या नावानं काय होतं, असं कुणी विचारेल. तीन उदाहरणं देतो.

पहिलं कपाशीचं. २००६-०७ च्या सुमारास पंजाब-गुजरातपासून आपल्याकडेपर्यंत पऱ्हाटीवर पिठ्या ढेकूण आला. मेणचट पांढऱ्या अंगावर औषध टिकत नव्हतं, तरी लोक फवारतच होते. त्याच वेळी काही ढेकूण तपकिरी, टणक होऊन मरू लागले आणि त्यांच्या अंगाला भोक दिसू लागलं. त्या भोकातून एक बारीक माशी निघत होती. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे मोहम्मद हयात यांनी २००९ मध्ये तिचं वर्णन केलं आणि कीड व्यवस्थापनातले शास्त्रज्ञ डॉ. बंबावाले यांच्या आडनावावरून तिला इनॅशियस बंबावालेई हे नाव दिलं. पुढे २०१४ मध्ये तपासाअंती कळलं की अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या नावानं आधीच नोंदलेली माशी ती हीच. पिठ्या ढेकूणही मूळचा अमेरिकेचाच. म्हणजे चोर आला तसा त्याच्या मागावरचा शिपाईही आला, कुणी मुद्दाम आणला नव्हता. ढेकूण आटोक्यात आला त्यात या माशीचा वाटा मोठा. ज्यांना तपकिरी ढेकूण ओळखता आला त्यांनी फवारा थांबवला. ज्यांना नाही आला त्यांनी पैसे घालून आपलाच शिपाई मारला.

दुसरं ट्रायकोकार्डचं. आपण कपाशीला, तुरीला हे कार्ड टाचतो, त्यावर ट्रायकोग्रामा ही अर्ध्या मिलिमीटरची माशी असते. ती बोंडअळीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. पूर्वी आपल्या देशातल्या या माशांना परदेशी पुस्तकांतली नावं सरसकट चिकटवली जात. बंगळूरच्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं की यांची खरी ओळख नराच्या जननेंद्रियावरून पटते, आणि मग नावांचा गोंधळ सुटत गेला. आज गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामॅटॉइडिया बॅक्ट्री ही वेगळी माशी सांगतात, ती या ओळखीमुळेच. दोन्ही माश्या नुसत्या डोळ्यांना सारख्याच. भलतीच सोडली तर कार्डाचे पैसे वाया.

तिसरं पपईचं. २००८ मध्ये कोइमतूरला पपईवरचा पिठ्या ढेकूण सापडला आणि पुढे महाराष्ट्रातही आला. किडीची नेमकी जात कळली, म्हणून तिच्यावर कोणती माशी जगते हे कळलं. २०१० मध्ये प्यूर्टो रिकोहून ॲसेरोफॅगस पपाई ही माशी आणून बंगळूरच्या संस्थेने ती वाढवली आणि सोडली. बागा सावरल्या. नाव चुकलं असतं तर माशीही चुकीची आली असती.

आता त्या शेतकरी भावाच्या प्रश्नाकडे येतो. माशा मोजून कापसाला भाव मिळणार नाही, हे मी कबूल करतो. पण खर्चाची बाजूही आपलीच आहे. आणि प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली बोंडं सडवली. इतकं विष मारून अळी राहिलीच, माणसं मात्र गेली. मित्रकीड ओळखू आली असती तर सगळे वाचले असते, असा दावा मी करत नाही. पण टाळता आला असता असा एक फवारा जरी कमी झाला असता, तरी तो कुणाच्या तरी अंगावर उडाला नसता.

मग करायचं काय? जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि नोंदवही पाहिजे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, तेव्हा दंडाच्या भीतीनं नोंदवह्या घाईघाईनं भरल्या गेल्या. नोंदवही एकदा भरून कपाटावर टाकायची वस्तू नव्हे, तीत भर घालता येते. सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या ग्रामसेवकांना, माझी विनंती आहे की कीटकांचं पान पुन्हा उघडा.

त्याला पैसा फार लागत नाही. पिवळ्या रंगाची ताटली, त्यात पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर. ती दिवसभर वावरात ठेवली की बारीक माश्या आपसूक पडतात. आजारी दिसणारी अळी किंवा अंड्यांचा पुंजका पानासकट बाटलीत ठेवा, तोंडाला पातळ कापड बांधा आणि आत काय निघतं ते पाहा. निघालेली माशी स्पिरिटच्या कुपीत टाका. कुपीत चिठ्ठी हवी: गाव, तारीख, पीक, गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, शाई स्पिरिटमध्ये विरघळते. चिठ्ठीशिवाय माशी म्हणजे सातबाऱ्याशिवाय वावर. शाळेची पोरं हे काम आपल्यापेक्षा नीट करतील.

पण गावानं कुप्या भरल्या आणि त्या पुढे कुणी उघडल्याच नाहीत, तर सगळं मुसळ केरात. म्हणून माझी दुसरी मागणी वर आहे. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून उभं आहे. जिल्ह्या-जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं आहेत, नागपूरला राज्य जैवविविधता मंडळ आहे. या तिघांनी मिळून ठरवावं की गावाची कुपी कुठे द्यायची, नाव किती दिवसांत कळेल आणि ते नोंदवहीत कोण चढवेल. माशीचं नाव सांगणारी जाणती माणसं देशात कमी होत चालली आहेत. त्या कामाला तरुण माणसं नेमली नाहीत, तर उद्या नवी कीड आली की पुन्हा दुकानदारालाच विचारावं लागेल, आणि दुकानदार बाटलीच देणार.

मेळघाटच्या आणि नरनाळ्याच्या रानात काय काय उडत असेल ते बाजूला राहू द्या. सुरुवात आपल्या धुऱ्यावरून होऊ द्या. धुऱ्यावरची कंबरमोडी आणि बाभळीचा मोहर या माशांचं खाणं आहे. ते सगळं तणनाशकानं जाळून टाकलं तर मोजायलाही काही उरणार नाही.

त्या गावात मी यंदा पुन्हा जाणार आहे, पिवळ्या ताटल्या घेऊन. कीटकांच्या पानावर तीनाची तेरा नावं झाली, तरी काम सुरू झालं असं मी समजेन. नुकसान मोजायला सांगणाऱ्या त्या भावाच्याच वावरात पहिली ताटली ठेवायची आहे.