सॅक बारीक घ्या, पण फावडं सोडू नका

आपल्या हिंगोलीत बर्फ भेटतो तो गोळ्याच्या गाडीवर. पण गुलमर्ग किंवा औलीला स्कीइंग शिकून आता आखलेला उतार सोडून मोकळ्या बर्फात जायचं मनात असेल, तर सॅक घेताना रंग आणि ब्रँड नंतर बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गला अशाच मोकळ्या उतारावर हिमस्खलन झालं आणि एका रशियन स्कीअरचा जीव गेला.

बर्फाखाली गाडलेल्या माणसासाठी पहिली १०-१५ मिनिटंच मोलाची. बाहेरची मदत येईस्तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. शोधायचं आणि उकरायचं सोबतच्यांनीच. म्हणून प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यात: सिग्नल देणारा-पकडणारा ट्रान्सीव्हर, घडीची लांब शोधकाठी आणि धातूचं फावडं. ट्रान्सीव्हर मात्र सॅकमध्ये नाही, अंगावरच बांधायचा. सॅक वाहून गेली तर तोही जाईल.

दिवसभरासाठी २०-२५ लिटरची सॅक पुरे. मोठी घेतली की आपण ती भरतोच. मग पाठ जड होते, वळताना तोल जातो. फावडं आणि काठीला वेगळा कप्पा हवा, त्याची चेन हातमोजे घालूनही उघडता यावी. चेअरलिफ्टला अडकतील असे लोंबते पट्टे नकोत.

आणि ‘आज कशाला ओझं’ म्हणत फावडं हॉटेलवर ठेवू नका. तुमच्या सॅकमधलं फावडं तुमच्यासाठी नसतंच, ते मित्रासाठी असतं. तुमचं फावडं मित्राच्या सॅकमध्ये आहे का, हेही निघण्याआधी बघून घ्या.