साप येतो तो कुणाच्या बोलावण्याने?



गटसभेत आम्ही पाचटाचा विषय काढला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, पाचट जाळू नका म्हणता, पण तुमच्या पाचटानं वस्तीवर साप वाढले, त्याचं काय?" विचारणारा हसत विचारतो, पण मागे बसलेली मंडळी हसत नाहीत. यंदा एका सभेत एक सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या घरातलं माणूस गेलंय. मी पाचट पेटवणार." त्या दिवशी आम्ही गप्प बसलो. दुःखात असलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो. पण विषय तसाच सोडूनही चालणार नाही, म्हणून हे लिहीत आहोत.

झाले होते ते असे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या कारभारणी दिवेलागणीला गोवऱ्या काढायला परसात गेल्या. हुडव्यात हात घातला आणि घोणस चावली. शेजाऱ्यांनी मनगटाच्या वर सुतळी करकचून बांधली आणि 'पान उतरवणाऱ्या'कडे नेले. तिथे तीन-साडेतीन तास गेले. दवाखाना गाठला तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होते आणि लघवी बंद झाली होती. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

नंतर आम्ही त्या घरी भेटायला गेलो. उसाचा फड घरापासून चांगला पाच-सहाशे पावले लांब. हुडवा मात्र घराच्या भिंतीला लागून. त्याच्या शेजारी गेल्या साली उतरवलेली कौले, त्यावर कडब्याच्या पेंढ्या, कोपऱ्यात भुश्याची फाटलेली पोती आणि भिंतीच्या बुडाला उंदरांची तीन बिळे. ते परस पाहून आम्हाला बरे वाटले नाही, कारण आमच्या गावाकडच्या घराचे परसही अगदी तसेच आहे.

तेव्हा आमचे मत आम्ही सरळ सांगतो. साप घरात येतो तो उंदराच्या मागे येतो, आणि उंदराला बोलावतो आपण. सांडलेले धान्य, उघडी पेंड, रात्रभर दारात पडलेले खरकटे ही ती आमंत्रणे. त्याच्या जोडीला लपायला अडगळ आणि गारव्याला मोरी-रांजण. पावसाळ्यात बिळात पाणी शिरले की कोरडी जागा शोधत साप वर येतो, ती कोरडी जागा आपली भिंत असते. साप दुधासाठी गोठ्यात येतो ही समजूत खोटी आहे. धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, हे आम्हीही लहानपणी ऐकले आहे. सापाच्या तोंडाची ठेवणच अशी की त्याला आचळ चोखता येत नाही. गोठ्यात तो येतो तो पेंडीवर आलेल्या उंदरांसाठी.

आणि आपण मारतो कुणाला? बहुतेक वेळा धामणीला. ती लांब, धीट आणि दिवसा फिरणारी, म्हणून आधी दिसते. तिला विष नाही. फडातल्या उंदरांनी कुरतडलेला ऊस काट्यावर किती कमी भरतो, हे सभासदांना सांगायला नको. ते उंदीर धामण बिनपगारी खाते. तस्कर, दिवड, कवड्या हेही बिनविषारीच. आपल्याकडे माणूस दगावतो तो प्रामुख्याने चार सापांनी: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. हे चार ओळखायला शिकावे, पण ओळखीच्या भरवशावर हात लावू नये. कवड्या आणि मण्यार यांत, तसेच अजगराचे पिल्लू आणि घोणस यांत जाणता माणूसही फसतो. घरात साप निघाला तर लांबून नजर ठेवावी, पोरांना बाजूला करावे आणि माहितीतल्या सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याने सापांना संरक्षण दिले आहे आणि साप मारणे हा गुन्हा ठरतो, हेही ध्यानात असू द्यावे.

आता पाचटाबद्दल. पाचटाखाली उंदीर होतात आणि त्यामागे साप येतात, हे आम्ही नाकारत नाही. आजवर सभांतून आम्ही पाचटाचे फायदे सांगितले, ही गोष्ट सांगायची राहिली. ती आमची चूक. पण पाचट पेटवून साप संपत नाहीत. बिळात खोल असलेला उंदीर वाचतो. जाळातून निसटलेला साप बांधाकडे आणि वस्तीकडेच पळणार, दुसरीकडे जाणार कुठे? जळते ते आपले खत. एकरी तीन-चार टन पाचट म्हणजे जमिनीचे वर्षाचे जेवण आहे. ते जाळून मग युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभे राहायचे, हा हिशेब कुणालाच परवडत नाही. म्हणून पाचट फडात सरीत दाबावे, कुजवावे. घराजवळ मात्र त्याचा ढीग नको. छपरासाठी, जनावरांखाली घालायला म्हणून आणलेले पाचट वर्ष-वर्ष परसात पडून राहते, धोका त्यात आहे. आणि पाचटाच्या फडात शिरताना पायात गमबूट, हातात काठी असलीच पाहिजे. रात्रीच्या विजेवर मोटर चालू करायला जाताना बॅटरी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू नये. मोटरीच्या पेटीत हात घालण्याआधी आत उजेड टाकावा. गमबुटाचा जोड महाग वाटतो खरा, पण दवाखान्याचे बिल पाहिलेल्या सभासदाला विचारावे.

घराचे म्हणाल तर खर्चाचे काम थोडेच आहे. सरपण आणि गोवऱ्या भिंतीपासून लांब, विटांवर किंवा फळीवर रचाव्यात आणि उजेडात काढाव्यात. काढण्याआधी काठीने हलवावे. भिंतीची भोके, मोरीचे तोंड, दाराखालची फट बुजवावी. धान्य कोठीत, पेंड झाकणाच्या पिंपात ठेवावी. खरकटे घरापासून लांब टाकावे. जमिनीवर झोपणे टाळावे आणि ते जमत नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून झोपावे. मण्यार रात्री फिरते, अंथरुणात शिरते. ती चावलेली पुष्कळदा कळतही नाही.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. मागच्या हंगामात, टोळ्या येऊन आठ-दहा दिवस झाले असतील, एका कोपीतला बारा वर्षांचा पोरगा पहाटे पोट दुखते म्हणून उठला. आईने ओवा दिला. उजाडले तसे त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, थुंकी गिळता येईना. अंगावर जखम नाही, सूज नाही. आमचा स्लिपबॉय शहाणा. तो म्हणाला, "ह्याला झोपेत पान लागलंय." शेतकी खात्याची गाडी फडावर होती, तीतून पोराला तसेच नेले. श्वासाच्या यंत्रावर तीन दिवस काढून पोरगा वाचला. एकीकडे वस्तीवरची, चार माणसांतली बाई गेली आणि दुसरीकडे उघड्यावरच्या कोपीतला पोर वाचला. विष दोघांच्याही अंगात होते. पोराला वेळेवर गाडी मिळाली, बाईला मिळाली नाही.

मांत्रिकाचा गुण येतो असे म्हणणारे अजून आहेत. गुण येतो, कारण पुष्कळ दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. तो माणूस वडाखाली बसवला असता तरी वाचला असता. पण विष भिनलेल्याला मंत्राने उतार पडत नाही. त्याला प्रतिविषाची लसच लागते. ही लस घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तापासून करतात. त्यासाठी लागणारे सापांचे विष मिळवण्याचे काम चेन्नईजवळच्या इरुला आदिवासींची १९७८ साली स्थापन झालेली एक सहकारी संस्था करीत आली आहे. पिढ्यान्‌पिढ्या साप धरणारी ही माणसे संस्थेचे सभासद झाली. साप पकडायचा, विष काढायचे आणि पुन्हा रानात सोडायचा, हा त्यांचा रिवाज. सहकार काय करू शकतो, हे आपल्याला साखरेतून ठाऊक आहे. इथे तो माणसाचा जीव वाचवायच्या कामी आला.

तेव्हा दंश झाल्यास एवढेच करावे. माणसाला धीर द्यावा. चालायला लावू नये. बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढाव्यात, कारण सूज आली की त्या रुततात. हातपाय मोडल्यावर बांधतो तशी फळी सैलसर बांधून तो भाग हलू देऊ नये. करकचून सुतळी नको, चिरा नको, तोंडाने ओढणे नको, पाला-औषध नको. सापाच्या मागे धावू नये. आपल्याकडची लस चारही सापांवर चालते, साप मारून डॉक्टरला दाखवायची गरज नाही. दंशाची वेळ ध्यानात ठेवावी, १०८ ला फोन लावावा आणि गाडी यायला उशीर होत असेल तर मिळेल त्या वाहनाने थेट सरकारी दवाखाना गाठावा.

२००० ते २०१९ या २० वर्षांत आपल्या देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मांडला आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली आणि निम्म्याच्या आसपास जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतली. म्हणजे शेतात राबणारी आपलीच माणसे.

म्हणून शेवटी दोन गोष्टी मागतो. संचालक मंडळाकडे मागणे असे की, लस आणि श्वासाचे यंत्र जवळ कुठे आहे त्याचा फलक प्रत्येक गट ऑफिसात लागावा, आणि सर्पदंशाच्या निरोपाला कारखान्याची कोणतीही गाडी हातचे काम टाकून निघावी. कोप्या घालायला टोळ्यांना मोकळी, सपाट, बांधापासून लांबची जागा मिळावी आणि प्रत्येक कोपीत एक बॅटरी असावी. दुसरे मागणे सभासदांकडे. हा अंक वाचून खाली ठेवाल तेव्हा एकदा परसात जाऊन या. भिंतीला लागून काय काय रचले आहे ते बघा आणि येत्या रविवारी ते हलवा. आम्ही आमच्या गावाकडचा हुडवा मागच्याच आठवड्यात हलवला. खाली दोन घुशी निघाल्या. साप नव्हता. आणखी महिनाभर तसेच ठेवले असते, तर तोही आलाच असता.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते