घाम हमालीचा आणि घाम हौसेचा



मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपली आणि नेहमीप्रमाणे चहाची किटली फिरू लागली. बारा जण बसलो होतो. त्यांतल्या सात जणांनी कपावर हात आडवा धरून विचारले, "बिनसाखरेचा आहे का?" त्या सातांत साठी ओलांडलेला एकही नव्हता. कोणी शिक्षक, कोणी बँकेत, कोणी महापालिकेत. आम्ही स्वतः त्या सातांतलेच, तेव्हा उपदेश करण्याचा आम्हाला काही अधिकार नाही. आमच्या घरात जे घडले तेवढे सांगतो.

आमचे वडील दारूगोळ्याच्या पेट्या उचलत. आजोबांनी गावकीची लाकडे फोडली, मेलेली ढोरे ओढली. मुंबईच्या गिरण्यांत तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना चांगल्या मजुरीचे विणखाते बंद होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. एकंदरीत आपल्या वाट्याला आले ते अंगमेहनतीचे आणि कमी मजुरीचे काम. अशा घरात पहिल्यांदा खुर्ची आली तेव्हा आम्ही मनाशी ठरवूनच टाकले की आता घाम गाळायचा नाही. दोन थांब्यांवर जायचे तरी रिक्षा. गव्हाचे पोते वर न्यायचे तर हमाल. पोट सुटले ते सुखवस्तूपणाचे लक्षण वाटू लागले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितले. आम्ही बूट घेतले. बारा दिवस एकटेच चाललो आणि तेराव्या दिवशी पाऊस पडला, तेवढे निमित्त पुरले.

आमच्या आईला तर हे चालणेच मान्य नव्हते. "तुझ्या बापाने पेट्या उचलल्या त्या तुला उचलाया लागू नयेत म्हणून. आन् तू आता फुकट घाम गाळतोस व्हय?" यावर आम्हाला पटकन उत्तर सुचले नाही. पुढे सुचले. वेठीचा घाम दुसऱ्याच्या हुकमाने गळतो, त्यातले बळ दुसऱ्याच्या घरी जाते आणि रात्री पाठ तेवढी आपली दुखते. चालण्याचा घाम आपल्या मर्जीचा. भगवान बुद्धांना तर कोणाची हमाली करायची नव्हती. तरी ते रोज चंक्रमण करीत आणि भिक्खूंनाही करायला सांगत. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत: लांबच्या प्रवासाची ताकद येते, उद्योगाला बळ मिळते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि मिळालेली एकाग्रता टिकते. बुद्धगयेला महाबोधी विहाराच्या उत्तरेला त्या चंक्रमणाचा ओटा आजही पाहायला मिळतो. तथागत ऐंशीव्या वर्षीसुद्धा पायी चालत कुशिनारेपर्यंत गेले.

आणि बाबासाहेब? त्यांची अठरा अठरा तासांची अभ्यासाची बैठक आपण मुलांना अभिमानाने सांगतो, सांगावीच. पण मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने त्यांना किती छळले, हे आपण कमी सांगतो. ६५ व्या वर्षी ते गेले. त्यांच्यावर कामाचा डोंगर होता, त्यांना इलाज नव्हता. आपल्यावर असा कोणता डोंगर आहे?

पुन्हा चालायला निघालो तेव्हा आमच्या पत्नी दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही चालून येणार, तोवर मी डबे करणार. मला नाही का चालायचं? तपासलीत का कधी माझी साखर?" तपासली नव्हती. बायका घरात दिवसभर राबतातच, त्यांना वेगळा व्यायाम कशाला, असे आम्हालाही वाटे. पण ओट्यापाशी तासन् तास उभे राहून कंबर मोडते, दमसास वाढत नाही. तेव्हापासून भाजी चिरणे आणि कणीक मळणे आमच्याकडे आले. (पहिले चार दिवस पोळ्या नव्हत्या, नकाशे होते.) सव्वासहाला दोघे बाहेर पडू लागलो. पंधरा दिवसांनी अकरावीतली मुलगी कुरकुरत बरोबर आली.

खरी गोष्ट इथे आहे. घरात ही मुलगी मान खाली घालून मोबाईलमध्ये. काही विचारले तर "काही नाही". रस्त्यावर मात्र तिघेही समोर बघत चालतो, कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती आपणहून बोलली. वर्गातल्या एका मुलीने सगळ्यांदेखत तिला म्हटले होते, "तुला काय, तुला कमी मार्कांवरही मिळेल." गोष्ट दोन महिन्यांपूर्वीची. ते दोन महिने पोरीने हे एकटीने पोटात ठेवले होते आणि आम्ही घरात असून नसल्यासारखे. त्या दिवशी आम्ही नेहमीच्या वळणावर परतलो नाही, पुढे चालत राहिलो. आरक्षण कशासाठी आहे, तिचे आजोबा कुठे उभे होते, तिच्या आईने रात्रशाळेत दहावी कशी केली, सगळे बोलणे झाले. घरी यायला आठ वाजले. तिघांचेही डबे राहिले. पुढच्या आठवड्यात ती वर्गशिक्षिकांशी स्वतः बोलली.

आता घरावर तिचाच पहारा आहे. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात जेवून धापा टाकत भगवंतांकडे आला, ही कथा तिने ऐकली आहे. भगवंतांनी मितआहाराची गाथा सांगितली आणि राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती जेवणाच्या वेळी म्हणायला ठेवले. राजाचा आहार हळूहळू नाळीभर भातावर आला, अंग हलके झाले. आम्ही चौथी पोळी घेऊ लागलो की मुलगी नुसते "सुदस्सन!" म्हणते.

थोडे व्यवहाराचे. प्रौढांनी आठवड्याला निदान १५० मिनिटे दम लागेल इतपत हालचाल करावी आणि मुलांनी रोज तासभर खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात गूळ-साखर ठेवावी, बूट पायात बसणारा असावा, रात्री तळपाय पाहावेत. छातीचे दुखणे असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

एक गोष्ट विहार समित्यांसाठी. मार्च उजाडला की वस्तीत लेझीम घुमू लागते, आजीपासून नातीपर्यंत सगळ्या घामाघूम होतात. १४ एप्रिलची मिरवणूक झाली की लेझमी पोत्यात बांधून कपाटावर जातात, त्या पुढच्या मार्चपर्यंत. अकरा महिने त्या पोत्यात कशासाठी? आम्ही मागच्या महिन्यात ते पोते खाली काढले. निम्म्या चकत्यांना गंज चढला होता. मुलांनी रॉकेल लावून घासल्या. आता रविवारी वंदनेनंतर अर्धा तास लेझीम असते, नवरा-बायको एका रांगेत. सुरुवातीला पुरुष मंडळी लाजली, बायका मुळीच लाजल्या नाहीत.

येत्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी नऊ कुटुंबे लोकलने मळवलीला उतरून भाज्याच्या लेण्यांवर जाणार आहोत. गावातून अर्ध्या-पाऊण तासाची चाल, मग पायऱ्या. वर चैत्यगृह आणि चौदा स्तूपांचा समूह आहे, दोन हजार वर्षांहून जुना. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिने घरीच राहावे असे आम्ही सुचवले. तिने काठी आधीच शोधून ठेवली आहे. "पायऱ्या मी माझ्या दमानं चढंन," म्हणाली, "मला कोन मुकादम हाकतोय?"