उभ्या गाडीचा ताप

पुसदमध्ये माणसाला ताप आला तर डॉक्टर शोधावा लागतो. गाडीला आला तर बॉनेट उघडायचा अवकाश, दहा डॉक्टर आपण होऊन चालत येतात. त्यांतले चार पानठेल्यावरून येतात, दोन एस.टी.ची वाट पाहत उभे असतात, आणि उरलेले कुठून उगवतात ते परमेश्वरालाच ठाऊक. औषध प्रत्येकाजवळ तयार असतं, प्रश्न मात्र एकाजवळही नसतो. माझं भांडण त्या न विचारलेल्या प्रश्नावरून आहे.

आधी पेशंटची ओळख करून देतो. माझी गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मूळची इटलीची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. त्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या इटालियन बाईला मुंबईचं पाणी लागलं, आणि पुढं १९७४ च्या सुमारास तिचं नाव बदलून पद्मिनी झालं. २००० च्या आसपास ती बनायची थांबली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीतूनही निवृत्त झाली. आता तिला 'क्लासिक' म्हणतात. माणूस म्हातारा झाला की अडगळ होतो, गाडी म्हातारी झाली की क्लासिक होते.

तर या पद्मिनीचा आजार असा : दिग्रसच्या रस्त्यानं साठच्या वेगानं पळवा, उष्णतेचा काटा शहाण्या मुलासारखा मध्यावर. गावात शिरा, चौकात समोर एक ट्रक आडवा घ्या, त्याच्यापुढं एक म्हैस उभी करा, आणि पाच मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवा. काटा चढलाच! पळताना थंड, उभी राहिली की गरम. (आमच्या ओळखीतल्या कित्येक सरकारी नोकरांचंही असंच आहे, फक्त ते पळत नाहीत.)

आता यात निदान करायला उरलं काय? गाडीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की हो! पळताना समोरचा वारा जाळीतून घुसून रेडिएटर थंड करतो. तिथं पंख्याला फारसं काम नसतं. उभ्या गाडीत वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. हा पंखा पट्ट्यानं इंजिनलाच बांधलेला. इंजिन हळू तर पंखाही हळू. म्हणजे उभ्यानं येणारा ताप हा बहुतेक वेळा वाऱ्याचा ताप असतो. रेडिएटर आतून क्षारानं बुजला असता तर गाडी चढावर आणि भर वेगात आधी तापली असती. "केव्हा तापते?" एवढा एक प्रश्न विचारला की निम्मे संशयित निर्दोष सुटतात.

पण प्रश्न विचारणं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही अशी कबुली देणं, आणि ती द्यायला आमच्याकडं कोणी तयार नाही. एका मिस्त्रीनं (नाव कशाला सांगू?) गाडीकडं न बघताच निकाल दिला, "काहून ठेवला बाप्पा थर्मोस्टॅट? आपल्या इकडच्या उन्हात त्याचं काय काम? काढून फेका, साहेब!" अहो, थर्मोस्टॅट म्हणजे दारावरचा गडी. पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर गेलं की तो दार उघडतो आणि बाजूला उभा राहतो. तो बंदच अडकला असता तर गाडी दिग्रसच्या रस्त्यावरच उकळली असती. त्याला हाकलून मिळतं काय? सकाळी इंजिन तापायला वेळ, पेट्रोल जास्त, झीज जास्त. चोरी झाली म्हणून राखणदाराला हाकलायचं, आणि तीही त्याच्या सुट्टीच्या दिवशी झालेल्या चोरीबद्दल!

दुसरा म्हणाला, वॉटर बॉडी बदला. तिसरा म्हणाला, हेड खोला. चौथा म्हणाला, गाडी विका; तो गिऱ्हाईक घेऊनच आला होता. पाचव्यानं सगळा दोष मे महिन्यावर टाकला. उन्हाळ्याचा वाटा आहेच, नाही कोण म्हणतो? नव्वद अंशांच्या पाण्याला थंडीतल्या पंधरा अंशांच्या हवेत पंच्याहत्तरांचा फरक मिळतो, आमच्या मेमधल्या पंचेचाळीस अंशांत पंचेचाळिसाचाच. रेडिएटरची उष्णता टाकायची ताकद तेवढ्याच प्रमाणात घटते. पण म्हणूनच जो काही वारा आहे तो आत जायला हवा ना!

गंमत अशी की हे सगळं पुसदकराला घरात उत्तम कळतं. मार्चमध्ये तो कूलर गच्चीवरून उतरवतो, ताट्या बदलतो, जाळीतला कचरा काढतो. ताटी बुजली तर मोटर कितीही पाणी फिरवो, घर थंड होत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. तोच माणूस रेडिएटरच्या जाळीकडं आयुष्यात बघत नाही. आमचा जिल्हा कापसाचा. हंगामात कापसाच्या गाड्यांमागून जाताना जी बोंडं-तंतू उडतात ती त्या पाकळ्यांत बसतात; वर धूळ, किडे, आणि दसऱ्याच्या पूजेचा हार पुढच्या जाळीवर पार संक्रांतीपर्यंत!

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. खर्चाच्या उलट्या क्रमानं जा. आधी हार काढा. थंड गाडीत रेडिएटर इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या बाजूला, पाण्याच्या हलक्या धारेनं धुवा. इंजिन बंद ठेवून पट्टा बोटानं दाबून बघा. लोंबत असेल तर ताणा. मग टेबलफॅन आणा, उभ्या गाडीच्या तोंडासमोर लावा. काटा उतरला तर रोग वाऱ्याचा, हेडला हात लावायचं कारण नाही. नाही उतरला तर टायमिंग बघा : ठिणगी उशिरा पडली की जळण लांबतं आणि उष्णता कामी न येता हेडमध्येच मुरते. पंप आणि पॅकिंग त्याच्यानंतर. माझ्या गाडीतून बादलीभर पाण्यात मूठभर कापूस निघाला, पट्टा ताणून झाला, आणि म्हैस आता हवा तितका वेळ उभी राहू शकते.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पैसा काय, जातो. पण या अडाणी घाईत एक गोष्ट हसण्यासारखी नाही. काटा चढला की गर्दीतला कोणीतरी गॅरेजच्या पोऱ्याला फर्मावतो, "ए, टोपण खोल रे!" दाबाच्या टोपणाखाली पाणी शंभरलाही उकळत नाही, अर्धा वातावरण दाब वाढला की ते एकशे दहा अंश ओलांडूनही द्रवच राहतं. टोपण फिरलं की दाब जातो, त्यातल्या थोड्या पाण्याची एकदम वाफ होते, आणि उरलेलं उकळतं पाणी तिच्यासकट उसळतं. कुठं? पोऱ्याच्या तोंडावर. हुकूम सोडणारे तोवर चार पावलं मागं सरकलेले असतात. त्यांचं ज्ञान नेमकं एवढ्याच बाबतीत पक्कं असतं.

तेव्हा, सल्लागार मंडळींनो, तापलेल्या गाडीचं इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि पाऊण तास चहा प्या. टोपणाला हात लावू नका, पोऱ्यालाही लावू देऊ नका. चहाचे पैसे मी देतो. थंड व्हायला गाडीला तेवढा वेळ पुरतो, तुमचं मात्र मला सांगता येत नाही.