जुन्या कार्डांचा गठ्ठा

हिंदुस्थानांत १८७९ सालीं पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें आणि घरोघरचें क्षेमकुशल तळहाताएवढ्या कागदावर मावूं लागलें. आमच्या घरचा जुना गठ्ठा परवां सर्वांनीं मिळून वाचला. बारशीं, मुंजी, परीक्षांचे निकाल, सारें त्यांत आहे. मृत्यु मात्र एकहि नाहीं. अशुभ वार्तेचें कार्ड वाचतांच फाडून टाकण्याची रीत होती ना! तेव्हां त्या तिथि वृद्धांस विचारूनच लिहून ठेवावयास हव्यात. दुसरी अडचण लिपीची. बहुतेक कार्डें मोडींत आहेत आणि आजोबांपाशीं ती शिकलेला घरांत मीच एकटा उरलों आहें. म्हणून नातवंडांस जवळ बसवून बालबोध नक्कल आरंभिली आहे. वाचकहो, आपल्या घरीं मोडी जाणणारें वडील माणूस असल्यास हें काम येत्या सुटींतच उरकून घ्यावें.